मिस्त्रींचं पाणी

माझं लग्न नळ बघून ठरलं. असं मी म्हणत नाही, माझी बायको म्हणते. गेली वीस वर्षं म्हणते, आणि घरात चार पाहुणे जमले की हमखास म्हणते. मी मान डोलावतो, कारण ते खरं आहे.

इस्लामपूरला मुलगी बघायला गेलो होतो. मी तेव्हा बत्तीस वर्षांचा, साताऱ्यातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवणारा, आणि समोरून टक्कल पडायला लागलेला. आधीच्या ठिकाणांहून "कळवतो" असे निरोप आले होते आणि कळवलं कुणीच नव्हतं. या खेपेला आईनं मिस्त्रींना बरोबर घेतलं. "तुझे वडील नाहीत," ती म्हणाली, "बैठकीत एक वडीलधारं माणूस पाहिजे. मिस्त्री शोभून दिसतात."

मिस्त्री म्हणजे आमच्या पेठेतले नळाचे मिस्त्री. उंच, वाळकं शरीर, पांढरी टोपी, मेंदी लावलेली दाढी, आणि इस्त्रीचा सदरा, ज्याचा उजवा खिसा कायम खाली ओढलेला. त्या खिशात काय असायचं ते सांगतोच. शोभून मात्र ते खरंच दिसायचे. नुसते बसून राहिले असते तर आणखी शोभले असते.

पोहे आले, मुलगी आली, आणि मिस्त्री जागेवर नव्हते. परसातून "ठण्ण, ठण्ण" असा आवाज यायला लागला. मुलीचे वडील साखर कारखान्यातले, यंत्राचा आवाज बदलला की झोपेतून उठणारे. ते तडक आत गेले. त्यांच्यामागं मी. मोरीपाशी मिस्त्री उकिडवे बसून नळाच्या पाईपवर किल्ली आपटत होते. मग त्यांनी त्याच किल्लीनं पाईप ओरबाडला, ओरखड्याला लोहचुंबक लावलं, ते चिकटलं. मिस्त्री उठले, धोतराला हात पुसले, बैठकीत आले आणि मुलीचं नाव कुणी विचारायच्या आत आईला म्हणाले, "वैनी, लोखंडी हाय. पोरगी करा."

मुलगी मान खाली घालून हसत होती, एवढं मला दिसलं आणि माझ्यापुरता निकाल लागला. पण तिचे वडील रोखठोक माणूस. म्हणाले, "आमचा बघितलात, बरं झालं. आता तुमच्याकडचा नळ कसला आहे ते सांगा."

मिस्त्रींनी समोरचा कप उचलायला हात पुढं केला, आणि तो तसाच राहिला.

"त्यो मी सोता बसवलाय," ते म्हणाले.

सासऱ्यांना ते पुरलं. मलाही पुरलं. एवढं सगळं झाल्यावर मिस्त्रींनी तो कप उचललाच नाही, हे माझ्या लक्षात यायला पुढं काही वर्षं जावी लागली.

आता खिसा. खिशात दोन वस्तू. एक किल्ली, जिचं कुलूप केव्हाच हरवलेलं. दुसरं म्हणजे जुन्या रेडिओच्या स्पीकरमधून काढलेलं लोहचुंबक, सुतळीनं बांधलेलं. मिस्त्रींची सगळी प्रयोगशाळा एवढीच. पद्धत ठरलेली. आधी ठोकायचं. लोखंडी पाईप "ठण्ण" वाजतो, शिशाचा "थप्प" वाजतो, ओल्या भिंतीवर थापटी मारल्यासारखा. मग ओरबाडायचं. शिसं असलं तर किल्ली लोण्यात गेल्यासारखी जाते आणि वरच्या काळपट करड्या रंगाखाली नव्या नाण्यासारखी चकाकी दिसते. पण जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाईपही ओरबाडला की चकाकतो, म्हणून शेवटी चुंबक. चिकटलं तर लोखंड. सोडून दिल्यावर खाली पडलं तर मिस्त्री म्हणायचे, "पडलं बग." एवढे दोनच शब्द, पण त्यांच्या तोंडून ते ऐकले की घरची बाई हातातला हंडा खाली ठेवायची.

पाईप शिशाचा निघाला की ते नळावरच्या भिंतीवर खडूनं एक वाटोळं काढायचे, आणि पाईप बदलला की फडकं एकदाच गोल फिरवून ते पुसायचे. या वाटोळ्यांनी पेठेत बराच गोंधळ घातला. एकीनं ते घरपट्टीवाल्यांचं समजून रात्रीत धुऊन टाकलं. एका घरी नवी सून आली, तिनं सासरची रीत समजून त्यावर हळदकुंकू वाहिलं. मिस्त्री पाईप बदलायला गेले तर तिथं उदबत्ती. "पोरी," ते म्हणाले, "ह्या द्येवाला लवकर घालवायचा असतो."

हा नाद त्यांना लागला तो मिरजेहून. आमच्या लहानपणी ते साधेच मिस्त्री होते, गळके नळ दुरुस्त करणारे. पन्नाशीनंतर त्यांचे हात कापायला लागले, पोटात दुखायला लागलं, म्हणून मुलानं मिरजेला दाखवलं. तिथल्या डॉक्टरनं धंदा विचारला. मिस्त्रींनी सांगितलं की तरणेपणी उस्तादाच्या हाताखाली पंधरा वर्षं बंद खोलीत शिसं वितळवलं. डॉक्टर म्हणाला, तो धूर तुमच्या रक्तात आहे. मग मिस्त्रींनी सहज विचारलं, "आन पाईपातलं?" डॉक्टर म्हणाला, पाणी रात्रभर त्या पाईपात उभं राहिलं की शिसं थोडं थोडं पाण्यात उतरतं. मोठ्या माणसाला कळतही नाही. लहान पोरांच्या मात्र डोक्यावर जातं. पोर मागं पडतं, आणि आईबाप त्याला ढ म्हणून बडवतात.

मिस्त्री मिरजेहून परत आले ते एसटीतून उतरून घरी गेलेच नाहीत. थेट पेठेतल्या पहिल्या घरात शिरले आणि नळ ठोकला, असं म्हणतात. असं म्हणतात म्हणजे माझी आई म्हणते. तिच्या गोष्टींत थोडं पाणी असतं, पण हे खरं असावं.

हात कापत म्हणून ते चहा अर्धा कपच मागायचे. भरलेला सांडायचा. "अर्धा द्या, वैनी." तो झाला की, "आता ऱ्हायलेला अर्धा द्या." रोज अकराच्या सुमाराला आमच्या उंबऱ्यावर बसून हे दोन अर्धे कप व्हायचे. परक्या घरी ते पाणी मागायचे तर आधी सांगायचे, "धार पडू द्या, मग भरा." बायका चिडायच्या. आमच्या पेठेत पाणी सकाळी तासभर येतं. त्यातली धार सोडून द्यायची म्हणजे तोंडातला घास टाकल्यासारखं. एक आजीबाई म्हणाल्या होत्या, "मिस्त्री, तुमच्या घरी नदी असंल, आमच्याकडं नळ हाय." मिस्त्री म्हणाले, "म्हातारे, तू काय बी पी. तुजं डोकं पिकलंय. नातवाला दुसऱ्या हंड्यातलं दे." त्यावर ती पुढचे दोन महिने त्यांच्याशी बोलली नाही, पण नातवाला दुसऱ्या हंड्यातलं द्यायला लागली.

एकदा मी त्यांना शाळेत बोलावलं. विज्ञान शिक्षकानं समाजातल्या तज्ज्ञांना वर्गात आणावं असं वरून पत्रक आलं होतं, आणि मला दुसरं कुणी मिळालं नाही. मी दरवर्षी नववीला फळ्यावर लिहून द्यायचो: शिसे हा मऊ, जड व विषारी धातू आहे. मुलं ते वहीत उतरवून घ्यायची, अधोरेखित करायची आणि विसरायची. मिस्त्रींनी दहा मिनिटांत त्यांना ठण्ण आणि थप्प शिकवलं आणि सांगितलं, "उद्या सगळ्यांनी घरचा नळ ओरबाडून या."

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर पालकांची रांग. एकानं गॅसचा पाईप ओरबाडला होता, एकानं बापाच्या नव्या मोटारसायकलचा सायलेन्सर. पण तीन घरांत शिसं सापडलं, तेही खरं. त्या गदारोळात मागच्या बाकावरून एकीनं मला विचारलं, "सर, तुमच्याकडं कसला आहे?"

"लोखंडी," मी छातीठोकपणे म्हणालो. आमच्या भिंतीवरचा पाईप लोखंडीच होता. रोज दिसायचा. मुख्याध्यापकांनी मिस्त्रींनाही बोलावून घेतलं होतं, ते वर्गाच्या दारात उभे होते. ते खडूचा डबा बघत राहिले.

आता हे कळायला हवं की आमच्या घरचा नळ म्हणजे आईच्या लेखी नुसता नळ नव्हता. ती लग्न होऊन आली तेव्हा पेठेतल्या बायका हौदावरून पाणी आणायच्या. तिच्या लग्नाच्या पहिल्याच वर्षी माझ्या वडिलांनी घरात नळ घेतला. नवी नवरी डोक्यावरचा हंडा खाली ठेवून नळाला कुंकू लावायला बसली. पहिली धार आली तशी वडील म्हणाले, "ही देवाला." तिनं तांब्याचा तांब्या भरून देवापुढं ठेवला, आणि तेव्हापासून रोज सकाळी नळ आला की पहिली धार देवाची. त्याच पाण्यानं देव धुवायचे आणि त्याचंच तीर्थ घरातल्या सगळ्यांना द्यायचं. वडील गेले तरी ते चुकलं नाही. मी लहानपणी ते रोज प्यालो. माझी गणितातली प्रगती कुणाला ठाऊक असेल तर त्यानं हे वाक्य इथंच सोडून पुढं जावं.

मिस्त्री रोज अकराला यायचे. तोवर पाणी, पूजा, तीर्थ सगळं उरकलेलं असायचं. पहिल्या धारेचं त्यांना माहीत नव्हतं असं नाही. नळ आला त्या दिवशी ते तिथंच होते, अठरा वर्षांचे, उस्तादाबरोबर. वडिलांनी त्यांना पेढा दिला होता. पण ते तीर्थ पुढं कुणाच्या तोंडात जातं, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

माझी मुलगी दोन वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. मिस्त्रींची लेक उंब्रजला दिलेली. तिच्याकडं जायला ते पहाटेच्या एसटीसाठी निघाले होते. वाटेत आमच्याकडं थांबले, आईनं लेकीसाठी लोणचं द्यायचं कबूल केलं होतं म्हणून. नळ नुकताच आला होता. आईनं पहिल्या धारेखाली तांब्या धरला, देवाकडं गेली, घंटी वाजली. मग ती पळी घेऊन बाहेर आली. माझी लेक पायरीवर बसली होती. तिनं सवयीनं तोंड उघडलं, चिमणीच्या पिलासारखं, आणि आईनं तीर्थ घातलं. एक पळी. पोरीनं मिटक्या मारल्या आणि आणखी मागितलं. दुसरी पळी.

मिस्त्री लोणच्याची बरणी हातात घेऊन उभे होते. ती त्यांनी हळूच खाली ठेवली.

"वैनी, हे कवापास्नं देताय हिला?"

"कवापास्नं म्हणजे? उष्टावण झाल्यापासून. एक दिवस चुकला नाही." आईच्या बोलण्यात अभिमान होता.

मिस्त्री बरणी तशीच ठेवून निघून गेले. मी खिडकीतून पाहिलं, ते स्टँडकडं वळले नाहीत, घराकडं गेले. मला वाटलं तब्येत बिघडली. दोन तासांनी ते परत आले. खांद्यावर पहार होती, पिशवीत छिन्नी, हातोडा, करवत. अंगातला इस्त्रीचा सदरा काढून फाटका घातलेला.

"वैनी, उंबरा काढायचा हाय."

आई तांदूळ निवडत होती. "कुणाचा?"

"तुमचा."

"का?"

मिस्त्रींनी खिशातनं खडू काढला. खाली वाकून आमच्या उंबऱ्याच्या आतल्या शहाबादी फरशीवर एक मोठं वाटोळं काढलं. त्यांचा हात इतका कापत होता की ते वाटोळं बटाट्यासारखं झालं. मग ते त्या वाटोळ्याशेजारी मांडी घालून बसले.

"भितीवर लोखंड हाय. ह्या उंबऱ्याखाली दोन हात शिसं हाय, रस्त्याच्या पाईपापत्तोर. मी घातलंय. उस्ताद म्हनला, आज तू कर. माजी पैली गाठ हाय ती."

गाठ म्हणजे काय ते मला तेव्हा त्यांनी सांगितलं. शिशाचे दोन पाईप जोडायचे तर वर वितळलेला डाग, म्हणजे शिसं-कथलाचा रस, ओतायचा आणि तो गार व्हायच्या आत चरबी लावलेल्या फडक्यानं गोल गोल पुसायचा, की तिथं छोट्या वांग्याएवढी गुळगुळीत गाठ तयार होते. प्रत्येक मिस्त्रीची गाठ वेगळी. उस्तादाची कांद्यासारखी, मिस्त्रींची वांग्यासारखी. जमिनीतून कुठलाही पाईप निघाला तरी ती कुणाची ते त्यांना अंधारात हात लावून कळायचं.

"पंचेचाळीस वर्सं झाली, वैनी. एक थेंब गळली न्हाई. अक्ख्या पेठेतल्या काढल्या मी. उस्तादाच्याबी काढल्या. ही ऱ्हायली. आज काढू, उद्या काढू. मनाला म्हनायचो, आतनं खाराचं खवल धरलं असंल, पानी शिशाला लागत नसंल. म्हनायचो, ह्या घरात ल्हान पोर न्हाई. मग पोर आलं. तवा म्हनलं, सकाळचं पानी भांड्याला जात असंल." त्यांनी हातातला खडू फरशीवर ठेवला. "इस्लामपूरला इवायांनी इच्यारलं. तवाबी मी खोटं न्हाई बोललो. पर खरंबी न्हाई बोललो."

मी मध्ये पडलो. शिक्षकाला गप्प बसवत नाही. म्हणालो, "आई ते पाणी उकळते कधी कधी."

"मास्तर," मिस्त्री माझ्याकडं न बघता म्हणाले, "उकळून शिसं जात न्हाई. पानी आटतं, शिसं ऱ्हातं. तुमी तर शिकवता."

हो, मी शिकवतो. मऊ, जड व विषारी.

आईनं तांदळाचं ताट बाजूला ठेवलं. मी तिला रागावलेलं पुष्कळदा पाहिलं आहे, पण असं नाही. जन्मभर ती मिस्त्रींना अहोजाहो करत आली. त्या दिवशी पहिल्यांदा तिचा सूर बदलला.

"ह्या उंबऱ्यावर बसून चहा पीत होतास रोज. ह्याच्यावर बसून."

"व्हय."

"आणि मी माझ्या हातानं पाजत होते पोरीला. देवाचं म्हणून."

"घातलं मी, वैनी. तुमी न्हाई."

"पाजलं कुणी?"

एकानं घातलं, एकीनं पाजलं आणि एकानं फळ्यावर लिहून दिलं. पोर मात्र वाटोळ्यात बसून खडू चाटायला निघालं होतं. माझ्या बायकोनं येऊन तिला उचललं आणि एकच वाक्य बोलली, "आता बोलत बसणार आहात का काढणार आहात?"

उंबरा काढला. पहार मी मारली, म्हणजे पहिले चार घाव. मग मिस्त्रींनी माझ्या हातातून घेतली. "ऱ्हाऊ द्या मास्तर, पायावर पडंल." फरशीखाली मुरूम, मुरुमाखाली तो पाईप, करडा, थंड, थोडा पोक काढलेला. मध्यावर ती गाठ. मिस्त्रींनी बोटानं माती पुसली. खरंच लहान वांगं होतं, देठाकडं निमुळतं झालेलं, सुंदर. इतक्या वर्षांत तिच्याभोवतीची माती ओलीसुद्धा झालेली नव्हती. त्यांनी सवयीनं किल्ली काढून ठोकली. थप्प. ओरखडा काढला. चकाकलं. चुंबक लावून सोडलं.

या वेळी "पडलं बग" असं ते म्हणाले नाहीत. चुंबक मातीत पडलं ते मीच उचललं.

मग त्यांनी करवत लावली. हात कापत होते म्हणून मी पाईप धरला, पण कापलं त्यांनीच, दोन्ही बाजूंनी. संध्याकाळपर्यंत नवा पाईप बसला. जुना तुकडा त्यांनी भंगारवाल्याला दिला नाही, कोण कुठं वितळवील म्हणून. दुसऱ्या दिवशी गाठ एका बरणीत घालून माझ्याकडं आणली. "शाळंत ठिवा. पोरांना दावा. हात लावला तर धुवायला सांगा." ती बरणी अजून आमच्या प्रयोगशाळेच्या फळीवर आहे, आणि मी आता ते वाक्य फळ्यावर लिहीत नाही. बरणी समोर ठेवतो.

पोरीचं रक्त तपासायला दिलं. नमुना पुण्याला जाणार, निकाल आठ दिवसांनी. ते आठ दिवस मिस्त्री रोज पहाटे, नळ यायच्या आत, आमच्या दारात हजर. नवा पाईप होता, काही गरज नव्हती. तरी नळ आला की ते स्वतः तोटीखाली बादली लावायचे आणि पहिलं पाणी रस्त्यावर नेऊन ओतायचे. मग म्हणायचे, "आता भरा." आई आतून तांब्या घेऊन यायची, भरायची, जायची. त्यांच्याशी एक शब्द बोलायची नाही. पण मिस्त्री बादली उपडी करून वळले की नव्या उंबऱ्यावर अर्धा कप ठेवलेला असायचा. तो संपला की थोड्या वेळानं दुसरा अर्धा. मागावा लागायचा नाही.

निकाल आला. शिसं होतं, असायला हवं त्याहून थोडं जास्त. डॉक्टर म्हणाले, वेळेत कळलं, मूळ काढलंत हेच औषध, आता दूध, पालेभाज्या द्या आणि तीन महिन्यांनी पुन्हा बघू. मी हे आईला सांगितलं. आई उठून दारात गेली, मिस्त्रींना सांगायला, आणि काही न सांगताच परत आली. म्हणाली, "तूच सांग."

ते तीन महिने आमच्याकडं इतकी मेथी, चाकवत आणि राजगिरा आला की माझ्या पोरीला हिरव्या रंगाचा कायमचा तिटकारा बसला. सगळं मिस्त्रींच्या पिशवीतून. तीन महिन्यांनी आकडा खाली आला होता. डॉक्टर म्हणाले, काळजी सोडा, आणखी उतरेल. मी घरी पोचलो तेव्हा मिस्त्री उंबऱ्यावरच बसले होते. मी कागद दाखवला. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण त्यांनी तो उलटा धरून बराच वेळ वाचला.

आई आतून कप घेऊन आली. काठोकाठ भरलेला.

"वैनी, अर्धा. सांडंल."

"सांडू दे की," आई म्हणाली. "घर माझं आहे."

सांडला. सदऱ्यावर, धोतरावर, नव्या उंबऱ्यावर. मिस्त्री उरलेला प्याले आणि आई तिथंच शेजारी बसून राहिली, फडकं आणायला उठली नाही.

त्यानंतर ते पाच वर्षं होते. शेवटी शेवटी किल्ली हातात राहायची नाही, तेव्हा ते नुसते कान लावायचे आणि दुसऱ्या कुणाला ठोकायला सांगायचे. ते गेले त्या दिवशी आम्ही सगळे गेलो होतो. परत आल्यावर दुसऱ्या सकाळी नळ आला, आणि आईऐवजी मी तांब्या घेऊन पुढं झालो. आईनं हात आडवा घातला.

"थांब. पहिलं मिस्त्रींचं."

आणि पहिली बादली स्वतः उचलून, सत्तरी ओलांडलेल्या बाईनं, रस्त्यावर नेऊन ओतली. मग दुसरी धार देवाला. तेव्हापासून आमच्याकडं असंच. आता सगळा पाईप प्लास्टिकचा आहे, शिशाचा कण नाही, मी विज्ञानाचा शिक्षक आहे, आणि आमच्या घरात रोज पहिलं पाणी मिस्त्रींचं असतं. मी एकदा सुचवलं की ते निदान झाडांना घालावं. आई म्हणाली, "झाडानं काय केलंय तुझं?"

यंदा लेक सांगलीला शिकायला गेली. जुन्या इमारतीतलं वसतिगृह. मिस्त्री तिला नीटसे आठवत नाहीत, ते गेले तेव्हा ती सातच वर्षांची होती. तिच्यासाठी ते म्हणजे रोज सकाळची एक बादली, आणि आजीनं जाताना तिच्या पर्समध्ये टाकलेली एक बिनकुलपाची किल्ली. ती किल्ली मिस्त्रींच्या मुलानं आम्हाला आणून दिली होती.

पहिल्याच सकाळी तिचा फोन आला. वैतागलेली. "बाबा, इथल्या बाई ओरडल्या. म्हणे नळ सोडून काय उभी राहिलीस, पाणी कुणासाठी सांडतेस?"

"मग?"

"काय सांगणार? म्हटलं, आमच्या मिस्त्रींचं आहे. सगळ्या हसल्या."

आई शेजारी बसली होती. आता तिला दाराची बेल ऐकू येत नाही, कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. तरी फोन कुणाचा ते कळलं. मोठ्यानं म्हणाली, "तिला विचार, ठोकून बघितला का?"

मी विचारलं. लेक म्हणाली, "नाही अजून. थांबा, फोन नळापाशी धरते."

चालण्याचा आवाज आला, बादलीचा आला, मग किल्ली शोधण्याचा. मी फोन आईच्या कानाला लावला. आई डोळे मिटून, पाठ ताठ करून बसली, जशी बैठकीत बसतात.

आवाज मलाही ऐकू आला. ठण्ण.

आईनं डोळे उघडले.

"लोखंडी हाय," ती म्हणाली, अगदी त्यांच्यासारखं. "ऱ्हाऊ द्या पोरीला."